'मी'चा शिक्का: योगदर्शनातून अहंकार ओळखण्याचा आठ आठवड्यांचा सराव

'अहंकारी' म्हटलं की ताठ मानेचा, बोलण्यात तोरा असलेला, कुणाचं ऐकून न घेणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. योगदर्शनातला अहंकार एवढ्यापुरता नाही. तो लाजऱ्याबुजऱ्या माणसात असतो. 'माझंच चुकलं, मी आहेच तसा' असं दिवसभर घोकणाऱ्यातही तेवढाच असतो. सकाळी जाग येते तेव्हा आजचा वार कोणता हे आठवायच्या आधीच एक 'मी' हजर झालेला असतो, तोही त्याचाच भाग.

शब्दाची फोड केली तर अर्धं काम होतं. अहम् म्हणजे मी, कार म्हणजे करणं. अहंकार म्हणजे 'मी' करणं. मनाच्या कोपऱ्यात पडलेली ही काही वस्तू नाही, ही दिवसातून हजारदा घडणारी क्रिया आहे. वस्तू असती तर उचलून फेकली असती. क्रिया मात्र घडताना पकडावी लागते, म्हणून 'अहंकार सोडा' हा सल्ला ऐकायला बरा वाटला तरी वापरता येत नाही. या लेखात सोडण्याचा सराव नाही, पकडण्याचा आहे.

शब्द आधी साफ करून घेऊ

गर्व, माज, घमेंड ही अहंकाराची फुगलेली रूपं. अभिमान हा शब्द आपण चांगल्या अर्थाने वापरतो, पण सांख्यकारिकेत, म्हणजे योगाला पाया पुरवणाऱ्या सांख्यदर्शनाच्या ग्रंथात, अहंकाराची व्याख्याच 'अभिमानोऽहङ्कारः' अशी आहे. तिथे अभिमान म्हणजे 'हे माझं, हे माझ्यासाठी, हे मी केलं' असं मानणं. अस्मिता या शब्दाची तर गंमतच झाली आहे. वर्तमानपत्रात अस्मिता जपायची असते, ती दुखावली की मोर्चे निघतात. योगसूत्रं रचणाऱ्या पतंजलींच्या यादीत मात्र अस्मिता, म्हणजे 'मी'पणा, हा पाच क्लेशांपैकी (मनाला पीडा देणाऱ्या मूळ दोषांपैकी) दुसरा क्लेश आहे: अविद्या (अज्ञान), अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश (जगण्याला चिकटून राहणं). यातला 'राग' म्हणजे चीड नव्हे, ओढ. हे लक्षात न ठेवता योगसूत्रं वाचली की पुढचं सगळंच उलटं लागतं.

सांख्यांनी मोजलेल्या 25 तत्त्वांमध्ये अहंकार हे एक तत्त्व आहे. प्रकृतीतून, म्हणजे मूळ जड तत्त्वातून, बुद्धी, बुद्धीतून अहंकार, आणि अहंकारातून एका बाजूला मन व दहा इंद्रियं, दुसऱ्या बाजूला पाच तन्मात्रं (शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध यांची सूक्ष्म रूपं). म्हणजे तो यंत्रणेचा भाग आहे. समोरून गाडी आली तर 'मी' बाजूला व्हायला हवं, हे त्याच्याशिवाय कळणार नाही. आपली सही आपण करतो, भूक लागल्यावर दुसऱ्याच्या नव्हे तर आपल्या तोंडात घास घालतो, तेही त्याच्याच जोरावर. त्याला रोग समजून मागे लागणारे पहिल्याच पायरीला चुकतात.

बिघाड कुठे होतो ते योगसूत्राच्या दुसऱ्या पादातलं (प्रकरणातलं) सहावं सूत्र सांगतं: 'दृग्दर्शनशक्त्योरेकात्मतेवास्मिता'. पाहणारा आणि ज्याच्या योगे पाहिलं जातं ते साधन, हे दोन्ही जणू एकच आहेत असं वाटणं म्हणजे अस्मिता. सूत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द दोन अक्षरांचा आहे: 'इव', म्हणजे 'जणू'. ती दोन्ही खरोखर एक झालेली नाहीत, तसं नुसतं वाटतं. खरोखर एक झाली असती तर वेगळी करायला शस्त्रक्रियाच लागली असती. 'जणू' असल्यामुळे नीट पाहणं पुरतं. पण 'नीट'ला वेळ लागतो.

शिक्का नेमका कुठे पडतो

एक साधा प्रसंग संथ गतीने पाहू. मीटिंग चालू आहे. कुणीतरी म्हणतं, "तिसऱ्या पानावरचा आकडा चुकलाय." आधी कानांवर आवाज पडतो. मन त्या आवाजाचे शब्द करतं आणि अर्थ लावतं: आकडा, तिसरं पान, चूक. इथपर्यंत हा मामला कागदाचा आहे. मग अहंकार त्यावर शिक्का मारतो: 'माझा' आकडा, 'मला' सगळ्यांसमोर. शेवटी बुद्धी निर्णय देते: उत्तर द्यायचं, किंवा गप्प बसून डूख धरायचा. पानावरचा आकडा उठून छातीत येऊन बसतो, कानांच्या पाळ्या गरम होतात, आणि आकडा खरंच चुकलाय का हे बघायचं राहूनच जातं.

मन, अहंकार, बुद्धी हा क्रम इतका झटपट उरकतो की आपल्याला फक्त शेवट कळतो. सरावाचं उद्दिष्ट एवढंच की दुसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मधला तो शिक्का कधीतरी पडताना दिसावा.

तो प्रत्येक वेळी दिसत नाही, कारण क्लेश चार अवस्थांत असतात असं पतंजली सांगतात: प्रसुप्त, तनु, विच्छिन्न, उदार. उदार म्हणजे ऐन भरात आलेला, तो शेजाऱ्यालाही दिसतो. तनु म्हणजे सरावाने झिजलेला. प्रसुप्त म्हणजे बियाण्यासारखा झोपलेला. आपल्याला आव्हान देणारं कुणीच आसपास नसेल तर 'माझा अहंकार गेला' असं वाटतं ते यामुळे. फसवा असतो विच्छिन्न, म्हणजे दुसऱ्या क्लेशाने तात्पुरता झाकलेला. मुलाच्या कौतुकात न्हाऊन निघालेल्या पालकाला त्या घटकेला फक्त प्रेम जाणवतं; मुलाने त्यांच्या मनाविरुद्ध निर्णय घेतला की झाकण उडतं. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात (जुन्या टीकेत) याच्यापलीकडची एक अवस्था सांगितली आहे, भाजलेल्या बीची, जी पेरली तरी उगवत नाही. आठ आठवड्यांत तिथे कुणी पोहोचत नाही. तनूपर्यंत आलात तरी भरपूर.

त्याच भाष्यात कपडे धुण्याचा दृष्टांत आहे: आधी वरची धूळ झटकायची, मग मळ धुवायचा, अगदी बारीक डाग शेवटी जास्त कष्टाने काढायचा. खालचा सराव याच क्रमाने आहे. ध्यानापासून सुरुवात करून थेट 'मी कोण' विचारणारे बहुतेकदा धुळीच्या कपड्यालाच साबण लावत बसतात.

पहिला आठवडा: फक्त वही

या आठवड्यात आसन नाही, ध्यान नाही. एक छोटी वही घ्या, फोनमध्ये नोंदी नकोत. फोन उघडला की तिथे दहा नवे शिक्के वाट पाहत असतात. रोज रात्री पाच मिनिटांत तीन नोंदी करा, प्रत्येक नोंदीत चार गोष्टी: काय घडलं, शरीरात कुठे जाणवलं, मनात कोणतं वाक्य आलं, आणि मी काय केलं. प्रत्येकीला एक ओळ पुरे. उदाहरणार्थ: 'मेसेज वाचलेला दिसला, उत्तर नाही. घशाशी आवळल्यासारखं. "मला गृहीत धरतात." पुन्हा तीनदा फोन पाहिला.'

तीनपैकी एक नोंद कौतुकाची किंवा सुखाची असलीच पाहिजे, ही अट काटेकोर पाळा. बहुतेक वह्या अपमान आणि संतापाने भरतात. पण स्तुती ऐकताना छाती किंचित पुढे येते, हनुवटी वर जाते, ते वाक्य पुन्हा ऐकावंसं वाटतं. तोही तोच शिक्का, फक्त गोड शाईचा.

वहीत दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक म्हणजे नोंदीची फिर्याद होते: 'त्यांनी असं करायला नको होतं' या चालीवर अर्धं पान भरतं. समोरच्याबद्दल एकाहून जास्त वाक्यं झाली की तिथेच थांबा आणि शरीराच्या ओळीवर या. दुसरं म्हणजे लगेच कारणं शोधणं. लहानपणी असं झालं म्हणून मी असा, हे खरंही असेल, पण या आठवड्याचं काम ते नाही. मनातलं वाक्य जसं आलं तसं, हवं तर शिवीसकट लिहा. सभ्य करून लिहिलेलं वाक्य काही कामाचं नसतं.

'मी चिडलो' आणि 'मला चीड आली'

या बाबतीत मराठीने आपलं काम सोपं करून ठेवलंय. आपण 'मला भूक लागली' म्हणतो, 'मला झोप आली', 'मला सुचलं', 'माझ्या लक्षात आलं'. या वाक्यांत कर्ता भूक आहे, झोप आहे. 'मी' नुसता 'मला' होऊन एका बाजूला उभा आहे, त्याच्याकडे काहीतरी आलंय. भाषेनेच पाहणारा आणि दिसणारं यांच्यात फट ठेवली आहे.

दुसऱ्या आठवड्यापासून रोजच्या तीन नोंदींपैकी एक नोंद तीनदा लिहा. आधी 'मी चिडलो'. मग 'मला चीड आली'. मग नुसतं 'चीड आली'. प्रत्येक वाक्य लिहून झाल्यावर दोन श्वास थांबा आणि शरीरात काही बदलतंय का ते बघा. पुष्कळांना पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर येताना जबडा किंवा खांदे थोडे सैल झाल्याचं जाणवतं. तिसरं वाक्य सुरुवातीला कृत्रिम वाटतं. वाटू द्या, जबरदस्ती नको.

एक कडक नियम मात्र आहे. भावनेला 'मला', कृतीला 'मी'. 'चीड आली' हे बरोबर. 'ओरडलं गेलं' हे चूक. ओरडलो ते मी ओरडलो. गीतेच्या पाचव्या अध्यायातलं 'नैव किञ्चित्करोमि', म्हणजे मी काहीच करत नाही, हे तत्त्ववेत्त्याचं पाहणं आहे; आपल्या वागण्याची जबाबदारी झटकायला ते वापरलं की अहंकाराला लपायला झकास जागा मिळते. हा नियम मोडणारा साधक घरच्यांना नकोसा होतो, आणि त्यांची तक्रार रास्त असते.

आसनं: शरीरावर दिसणारा कर्ता

दुसऱ्या आठवड्यापासून रोज 20 मिनिटं, रिकाम्या पोटी किंवा जेवणानंतर किमान तीन तासांनी. पाचच आसनं पुरेत: ताडासन, वृक्षासन, भुजंगासन, पश्चिमोत्तानासन, शवासन. पहिली चार प्रत्येकी आठ ते दहा संथ श्वास, वृक्षासन दोन्ही पायांवर. शवासन सात मिनिटं, त्याहून कमी नको. समोर आरसा नको, मोबाइलवर चित्रण तर मुळीच नको.

आसनांवरच्या सूत्रांत 'प्रयत्नशैथिल्य' असा शब्द आहे. प्रयत्न सैल झाला की आसन साधतं. हा प्रयत्न कोण करतो, हे पश्चिमोत्तानासनात सगळ्यात स्पष्ट दिसतं. पाय पसरून बसा, पाठ लांब ठेवून कमरेतून पुढे वाका. बोटं पावलांपासून चार अंगुळं दूर आहेत असं समजा. त्या चार अंगुळांत काय काय होतं ते पाहा: श्वास अडकतो, मान पुढे काढली जाते, पाठीला पोक येतं, आणि मनात 'आणखी थोडं'. गुडघ्यामागच्या शिरांना त्या चार अंगुळांशी देणंघेणं नसतं. अंगठा पकडून मिळवायचं ते दुसऱ्याच कुणाला तरी हवं असतं.

तिथे पोहोचलात की वाकणं साधारण दशांशाने कमी करा, म्हणजे किंचित मागे या. गुडघे हवे तर वाकवा, हात नडगीवर ठेवा, आणि उरलेले श्वास तिथेच घ्या. हे मागे येणं पुष्कळांना पुढे जाण्याहून जड जातं, चार लोकांत तर जास्तच. त्या जडपणाची नोंद वहीत आली पाहिजे. ज्यांना कंबरदुखी, सायटिका किंवा मणक्यातली गादी सरकल्याचा त्रास आहे त्यांनी हे आसन वगळून ताडासनाचा वेळ दुप्पट करावा.

वृक्षासनात तळपाय मांडीवर किंवा पोटरीवर टेकवा, गुडघ्याच्या सांध्यावर कधीही नाही. भिंत हातभर अंतरावर असू द्या. तोल जाईल तेव्हा पडत्या क्षणी चेहऱ्यावर काय उमटतं ते टिपा: हसू, चरफड, की कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे नजर. खोलीत कुणी नसतानाही ती नजर फिरते. एकट्यातली ती नजर म्हणजे अस्मितेचा धडधडीत पुरावा.

श्वास: घेतो कोण?

तिसऱ्या आठवड्यापासून आसनांनंतर दहा मिनिटं. पाठ सरळ, खुर्चीवर बसलं तरी चालेल. पहिली पाच मिनिटं मोजून: चार अंकांत श्वास आत, सहा अंकांत बाहेर, मध्ये रोखणं नाही. अंक साधारण एका सेकंदाचा धरला तर मिनिटाला सहा, पाच मिनिटांत तीस आवर्तनं होतात. चक्कर किंवा गुदमर वाटली तर तीन-चार करा. रक्तदाब, हृदयविकार असेल किंवा गर्भारपण असेल तर श्वास रोखण्याचे प्रकार मनाने यात घालू नयेत.

खरा सराव पुढच्या पाच मिनिटांचा. मोजणं सोडून द्या, श्वासाला त्याचं त्याचं चालू द्या आणि फक्त बघा. ऐकायला सोपं, पण बहुतेकांना पहिल्या दिवशी अजिबात जमत नाही. लक्ष गेलं रे गेलं की श्वास मोठा होतो, लयदार होतो किंवा अडखळतो. झोपेत रात्रभर बिनतक्रार चालणारा श्वास पाहिल्याबरोबर 'करावा' लागतो. का? आपल्याला पाहायचं म्हणजे लगेच हात घालायचा अशी सवय असते. पाहणाऱ्याच्या खांद्यावरून कर्ता डोकावतो. 'अहङ्कारविमूढात्मा कर्ताहमिति मन्यते' हे गीतेच्या तिसऱ्या अध्यायातलं वचन शंभरदा वाचून जे कळत नाही ते या पाच मिनिटांत नाकाशी दिसतं.

त्यावर युक्ती अशी की सगळा श्वास पाहू नका, फक्त उच्छ्वासाचं टोक पाहा. हवा बाहेर जाते, ओसरते, आणि मग एक छोटी निवांत जागा येते. तिथे काहीच करू नका, पुढच्या श्वासाची वाट पाहा. तो येतो. आणलेला नसतो, येतो. पाच मिनिटांत असे दोन-तीन श्वास जरी आपसूक आले तरी दिवसाचं काम झालं. ते मोजायला लागलात की 'आज माझे सात आले' सुरू होतं. तेव्हा शक्यतो मोजू नका. श्वासाकडे पाहिल्याने घाबरायला होत असेल तर तळहातांची ऊब किंवा मांडीवरचं त्यांचं वजन पाहा, तेही चालतं.

बैठक

पाचव्या आठवड्यापासून श्वासानंतर वीस मिनिटं, पाच-पाच मिनिटांचे चार भाग. टायमर हलक्या आवाजाचा लावा.

पहिल्या भागात बाहेरचे आवाज. पंखा, पावलं, दूरचं बोलणं. नाव न देता ऐकायचं. दुसऱ्यात शरीर: टेकलेल्या जागा, खाज, ठणका. तिसऱ्यात विचार: आला की मनात 'विचार' एवढंच म्हणायचं, त्याच्या पोटात शिरायचं नाही. या तिन्हींत आवाज वेगळा आणि ऐकणं वेगळं, ठणका वेगळा आणि त्याची जाणीव वेगळी, हे हळूहळू उमगतं. द्रष्टा आणि दृश्य यांच्यातलं अंतर सहाव्या सूत्रात पुसलं जातं म्हटलं, ते इथे पुन्हा आखायचं.

चौथा भाग नाजूक. 'मी इथे आहे' ही जाणीव शरीरात कुठे वाटते ते पाहा. कुणाला डोळ्यांच्या मागे, कुणाला घशात, कुणाला छातीच्या मध्यभागी. जागा सापडली की ती बारकाईने तपासा: तिथे दाब आहे, ताण आहे, ऊब आहे? हा दाबही जाणवतोय, म्हणजे तोसुद्धा आवाज आणि ठणका यांच्याच रांगेतला. मग जाणतंय कोण, असा पाठलाग करू नका. पाठलाग करणारा पुन्हा कर्ताच असतो. 'हेही जाणवतंय' इथे थांबा. योगसूत्राच्या पहिल्या पादात संप्रज्ञात समाधीच्या (आलंबन धरून लागणाऱ्या समाधीच्या) टप्प्यांत शेवटचा टप्पा अस्मितेचा आहे, आणि तो फार सूक्ष्म आहे. वीस मिनिटांच्या बैठकीत हाती लागतं ते त्याचं जाडंभरडं रूप, त्याला मोठी नावं देऊ नयेत.

झोप येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवा. सारखे पाय बदलावेसे वाटत असतील तर दुसरा भाग वाढवा. 'मी साक्षी आहे, मी किती शांत बघतोय' असं आतून ऐकू आलं तर समजा की जुन्या कारकुनाला साहेबाची खुर्ची मिळाली. त्या वाक्यालाही 'विचार' म्हणून रांगेत उभं करा. आणि सगळं परकं, खोटं, काचेपलीकडचं वाटायला लागलं तर बैठक थांबवा. ती प्रगती नव्हे. चाला, हाताने काम करा, माणसांत बसा. ते वाटणं टिकून राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ज्यांना तीव्र नैराश्य आहे किंवा मोठ्या आघातातून जे सावरत आहेत त्यांनी चौथा भाग करूच नये, पहिले तीन पुरेसे आहेत.

चारचौघांत

सातव्या आठवड्यात सराव चटईवरून उठून माणसांत जातो, आणि खरी परीक्षा तिथे आहे. रोज एकच प्रयोग निवडा.

कुणी चूक दाखवली की तीन श्वासांनंतर उत्तर द्या, आणि पहिलं वाक्य चुकीबद्दलच असू द्या: "कुठला आकडा? बघतो." कुणी कौतुक केलं की नुसतं 'धन्यवाद' म्हणा. 'छे छे, मी कसला' हा नम्रपणा नसतो पुष्कळदा, ते कौतुक आणखी एकदा वदवून घेण्याचं निमित्त असतं. माफी मागायची वेळ आली तर तीत 'पण' नको. 'मी ओरडलो, चुकलं' आणि पूर्णविराम. 'पण तूसुद्धा' जिभेच्या टोकावर येईल, त्याची चव घ्या आणि गिळा.

दिवसाला एक काम नाव न सांगता करणं हा प्रयोग दिसतो तेवढा सोपा नाही. काम होऊन जातं. ते संध्याकाळपर्यंत पोटात ठेवणं जड जातं. 'सहज' म्हणून कुणाच्या तरी कानावर घातलंच जातं.

योगसूत्राच्या पहिल्या पादातल्या तेहतिसाव्या सूत्रात मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार भावना सांगितल्या आहेत. अहंकाराच्या कामी मुदिता, म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्याचा आनंद, सगळ्यात उपयोगी, कारण ती सगळ्यात कठीण आहे. दुःखी माणसाबद्दल करुणा वाटते, तिथे आपण वरच्या पायरीवर असतो. आपल्याच क्षेत्रातल्या, आपल्याच वयाच्या माणसाला शाबासकी मिळते तेव्हा पहिल्या अर्ध्या सेकंदात पोटात काय होतं ते पाहा. मग त्याच्या कामातली एक नेमकी गोष्ट शोधा आणि ती त्याला सांगा. 'मस्त झालंय' चालणार नाही. 'दुसऱ्या भागातली मांडणी मला सुचली नसती' हे चालेल, खरं असेल तर.

तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान या पतंजलींच्या क्रियायोगातलं तिसरं अंग ईश्वरप्रणिधान, म्हणजे ईश्वराला सगळं अर्पण करणं. श्रद्धा असेल त्यांनी फळ ईश्वराला वाहावं. नसेल त्यांनी कामाआधी कागदावर दोन रकाने करावेत, माझ्या हातातलं आणि माझ्या हाताबाहेरचं, आणि काम पाठवून झाल्यावर किमान तासभर त्याचं काय झालं ते बघू नये. तो तास कसा जातो ते वहीत लिहावं.

अन्याय सोसणं हा यातला प्रयोग नाही. कुणी छळत असेल, मारत असेल, हक्काचं काही हिरावून घेत असेल तर 'माझा अहंकार दुखावतोय' म्हणून गप्प बसणं हा योगाचा गैरवापर आहे. शिक्क्याविनाही 'नाही' म्हणता येतं, तक्रार करता येते, घर सोडता येतं. 'हे पैसे मला मिळायला हवेत' या वाक्यात शिक्का असेलच असं नाही. 'मला कोण समजतो हा' यात नक्की आहे.

हमखास फसायच्या जागा

सराव सुरू केला की अहंकार सरावाचाच होतो. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात नेमकं हेच आहे:

नवल अहंकाराची गोठी । विशेषें न लगे अज्ञानापाठीं ।
सज्ञानाचे झोंबे कंठीं । नाना संकटीं नाचवी ॥

अज्ञान्याच्या तो फारसा मागे लागत नाही, जाणत्याच्या मात्र गळ्यालाच झोंबतो. पतंजलीही तिसऱ्या पादात साधकाला बजावतात की उच्च स्थानांकडून आमंत्रण आलं तरी सङ्ग आणि स्मय, म्हणजे आसक्ती आणि आपलं आपल्याला वाटणारं नवल, दोन्ही टाळावं. इतका पुढे गेलेला साधकही पुन्हा घसरू शकतो, म्हणूनच हे सूत्र आहे. आपल्या पातळीवर याची खूण साधी असते: दुसऱ्यांचा अहंकार अचानक फार स्पष्ट दिसायला लागतो आणि तो त्यांना सांगावासा वाटतो. तसं झालं तर आठवडाभर या विषयावर कुणाशी बोलायचं नाही.

उलट्या बाजूचा खड्डा स्वतःला झोडपण्याचा. 'मी किती अहंकारी आहे' या वाक्यातही मध्यभागी 'मी'च बसलाय, फक्त वाईट कपडे घालून. वहीत असं वाक्य सापडलं तर त्याचीच एक नोंद करा, शरीराच्या ओळीसकट.

फरक पडतोय का

शिक्के किती पडले हे मोजू नका. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते वाढल्यासारखे वाटतात, कारण दिसायला लागतात. इथेच बरेच जण 'हे मला जमत नाही' म्हणून सोडून देतात. मोजायचं ते अंतर: प्रसंग घडला आणि लक्षात आलं यांच्यात किती वेळ गेला? पहिल्या आठवड्यात ते रात्री वही उघडल्यावर कळतं. चौथ्याच्या सुमारास तासाभरात, रागारागाने लिहिलेला मेल पाठवायच्या आधी. सातव्यात क्वचित मीटिंगमध्ये बसल्या बसल्याच, कानाच्या पाळ्या गरम होताना. दुसरं माप सावरायला लागणाऱ्या वेळाचं. लागट बोलणं आठवत राहणं तीन दिवसांवरून एका संध्याकाळवर आलं तर सराव लागू पडतोय. तिसरं माप तुमच्या हातात नाही: घरातलं माणूस तुम्हाला वाईट बातमी आता आधी सांगायला लागतं.

आठ आठवड्यांनंतर आसन आणि श्वास रोज ठेवा, बैठक जमेल तशी, वही आठवड्यातून दोन दिवस. सराव दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केला तर पक्का होतो असं पहिल्या पादात आहे. तरीही खंड पडतोच. पंधरा दिवस चुकले तर गेलेलं भरून काढू नका, दोन दिवस नुसती वही लिहा आणि मग होता त्या टप्प्यावर या. वही कुणाला दाखवू नका, कौतुकाने तर नाहीच. चौथ्या आठवड्याआधी मागची पानं उलटू नका. उलटाल तेव्हा 'मनातलं वाक्य' ही एकच ओळ सगळ्या नोंदींतून ओळीने वाचा. इतक्या नोंदींत वाक्यं फार तर तीन-चारच निघतात, माणसं आणि प्रसंग तेवढे बदललेले. त्यातलं सर्वांत जास्त वेळा आलेलं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात टिपायचा शिक्का तोच.